बिराजदार सरांचा पियानो

बिराजदार सरांचं नाव निघालं की आम्ही क्लासवाले एक किस्सा सांगायला बसतो आणि चहा गार होईपर्यंत सहा होतात! सर निलंग्याचे. तरुणपणी मुंबईला गेले, तिथल्या हॉटेलांत आणि पुढं जहाजांवर जाझ पियानो वाजवला. पन्नाशीला आले तसे लातूरला परतले आणि संगीताचा क्लास काढला. मी तिथं तबला शिकवतो. त्यामुळं बरेचसे किस्से माझ्यासमोरचे, बाकीचे सरांच्या तोंडून ऐकलेले.

*

सर मुंबईहून पहिल्यांदा गावी आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "ते जाझ म्हंजे काय असतंय?"

सरांनी सोपं करून सांगितलं, "आण्णा, गाणं एकच. पण दर वेळी वेगळं वाजवायचं."

आण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजे पाठ होत न्हाई म्हण की!"

*

क्लाससाठी हैदराबादहून जुना पियानो टेम्पोत आला. चार हमालांनी घाम गाळत तो खाली घेतला. त्यातल्या सगळ्यात वयस्कर हमालानं विचारलं, "सर, ह्यात भरलंय तरी काय?"

"तारा."

"मग आत्ताच वाजवून दावा. उचलला आम्ही, पहिल्यांदा ऐकणार बी आम्हीच!"

प्रवासात पियानोचे सूर पार उतरले होते. तरी सरांनी भर रस्त्यात, उभ्यानंच, वीस मिनिटं वाजवला. चौघंही टॉवेलनं मान पुसत ऐकत होते. संपल्यावर तो हमाल जवळ आला आणि हळूच म्हणाला, "उतरवताना आमच्याकडनं काही बिघडलं का, सर?"

*

नांदेडकडच्या नायगावला एका विद्यार्थिनीच्या लग्नात सरांना कीबोर्ड वाजवायला बोलावलं. तबल्यावर मी. सर डोळे मिटून असे रंगले की विचारू नका! अर्ध्या तासानं नवरीचे मामा स्टेजवर आले, अदबीनं वाकले.

"सर, सुरू कधी करता? पाहुणे वाट बघून राहिलेत."

"सुरूच आहे की!"

"हाव का? आम्हाला वाटलं, माइक चेक करून राहिलेत."

*

लातूरला क्लास म्हटला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला. एक गृहस्थ मुलीची ॲडमिशन घ्यायला आले आणि म्हणाले, "सर, सिलॅबस कधी संपतो?"

"माझाच अजून चाललाय," सर म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा पडला. मग माझ्याकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ह्या सरांचा संपलाय का?"

*

सर स्वतः चाली रचायचे. एकदा निलंग्यात रसवंतीवर बसलो असताना मशीनच्या घुंगरांचा ठेका त्यांच्या कानात बसला. तो नीट पकडता यावा म्हणून सर एकामागून एक रस मागवत राहिले. पाच ग्लास झाल्यावर मालकाला म्हणाले, "आता रस नको. नुसती मशीन फिरवा."

मालकानं फिरवली. सरांनी कान दिला आणि मान हलवली. "हा तो ठेका नाही."

"कसा असंल? मधी ऊस नको का!"

सरांनी निमूट अजून एक ग्लास मागवला. ती चाल पुढं तयार झाली. तिचं नाव 'सहावा ग्लास'.

*

मग सरांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी पियानोचं झाकणच उघडलं नाही. मला म्हणाले, "तबल्याचा क्लास तू चालव. माझं झालं."

सविताताई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत गणित शिकवतात, चाळिशीत पियानोला लागल्या. त्या एका रविवारी आल्या, काही न विचारता झाकण उघडलं आणि बाकड्यावर उजवीकडं सरकून बसल्या.

"सर, डावी बाजू रिकामी हाय."

 सर उठले आणि जाऊन बसले.

आठ महिने हेच चाललं. डावा हात सरांचा, उजवा ताईंचा. ताई हुबेहूब सरांसारखं वाजवायला बघायच्या आणि सर चिडायचे, "माझा हात कशाला वाजवताय? तुमचा वाजवा!"

मग नांदेडला एका कार्यक्रमात दोघं तसेच बसले. वाजवून झालं आणि सगळा हॉल उभा राहिला. ताईंना रडू आवरेना. समोरच्या रांगेतल्या एकानं स्टेजजवळ येऊन विचारलं, "सर, दोन माणसांचे दोन हात! जुळवलं कसं?"

"चाळीस वर्षं दोन्ही माझेच होते, एकमेकांचं कधी ऐकलं नाही," सर म्हणाले. "आता डावा ऐकायला शिकतोय."