रिकामा परत गेलेला डबा

पहिल्यांदा भिंत हादरली तेव्हा माझ्या मुलीच्या टेबलावरचा काचेचा ग्लास खाली पडून फुटला. शुक्रवारची दुपार होती. पलीकडे काहीतरी जड आदळलं आणि एका बाईचा आवाज आला, मध्येच तुटलेला.

"बाबा, तो तिला मारतो," मुलगी म्हणाली. "आय ॲम शुअर. ती नीट ओरडत पण नाही."

"सामान हलवत असतील," मी म्हणालो.

ओमानमधल्या सोहार शहरातलं आमचं घर म्हणजे एका व्हिलाचे दोन भाग करून निघालेला अर्धा भाग. मधली भिंत चार इंची ब्लॉकची. मी प्लांटवर बांधकामाची बिलं तपासतो. अशा भिंतीतून काय ऐकू येतं आणि काय नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरीही मी सामान म्हणालो.

पलीकडे एक जपानी कुटुंब राहायचं. नवरा आमच्याच प्लांटवर भट्टीचा इंजिनिअर. बायको घरी. एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, ज्याला आम्ही तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई दारात उभी. जांभळ्या फडक्यात बांधलेला काळा चकचकीत लाकडी डबा, त्यात घरी केलेली बिस्किटं. कमरेत वाकून म्हणाली, "काल आवाज झाला. सॉरी." त्या उन्हाळ्यात तिच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

माझी बायको हरखली. "बघा, किती रीतीची माणसं! आपल्या मराठी मंडळातलं कुणी आलं का कधी असं?" रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आमची रीत. तिने डबा बेसनाच्या लाडवांनी भरून दिला. पुढच्या वेळी चकल्या, त्यापुढे शंकरपाळे. दोघींची चांगली देवघेव जमली, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो.

पाचव्या डब्याला मला हिशेब लागला. एकही डबा आवाजाशिवाय आला नव्हता. त्या खेपेला तिच्या खालच्या ओठाला टाका होता आणि ती हसताना तोंडावर हात धरत होती.

मी तिच्या नवऱ्यासोबत एकाच गाडीने प्लांटला जायचो. त्या दिवशी गाडीत सरळ विचारलं. तो जे बोलला ते ऐकलं तसं लिहितो. मुलाला शाळेतल्या मुलांनी मारलं होतं. त्यानंतर त्याने शाळा सोडली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दोन वर्षं आई ताट दाराबाहेर ठेवत होती. "आमच्या शहरात अशी दारं पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "शेजारी कोण राहतं ते कुणाला माहीत नसतं. वाटलं, इथे उजेड आहे, समुद्र आहे, तो बाहेर येईल."

"आला का?"

"आला. आईला मारायला."

बिलं तपासणाऱ्या मला 'पुष्कळ' म्हणजे किती, हे विचारायची सवय आहे. त्या दिवशी विचारलं नाही.

"आणि तुम्ही?"

"मी ड्युटीवर असतो." मग म्हणाला, "तुम्ही लाडू पाठवता ना, तेव्हा तिला बरं वाटतं. शेजाऱ्यांनी माफ केलं म्हणते."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच हातात राहिलं. "म्हणजे ती मार खाऊन आपली माफी मागत होती, आणि मी तिला चकल्या देत होते?"

"मुलगी पहिल्या दिवशीच सांगत होती," मी म्हणालो.

"झाकली मूठ फक्त आपल्याकडेच असते असं वाटलं होतं मला."

डबा धुऊन ओट्यावर ठेवलेला होता. तिने तो फडक्यात बांधला, रिकामाच, आणि पलीकडे गेली. मी दारातून ऐकत होतो. माझ्या बायकोचं इंग्रजी बाजारापुरतं. "नो मोर बिस्किट. नो सॉरी. ही हिट, यू नॉक वॉल. आय कम." आणि भिंतीवर मूठ आपटून दाखवली. त्या बाईने रिकाम्या डब्यात पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडून तिचा अपमानच झाला, अशी मला त्या वेळी खात्री वाटली.

पुढच्या शुक्रवारी, जेवणं चालू असताना, भिंतीवर तीन थापा पडल्या. चौथी पडली नाही.

त्यांचं दार उघडं होतं. आतल्या दारांना मुठीएवढी भोकं. ती जमिनीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि तो हडकुळा, केस खांद्यापर्यंत वाढलेला पोरगा भात शिजवायच्या कुकरने तिच्या पाठीवर मारत होता. तोंडाने एक शब्द नाही. मी मध्ये पडलो. कुकर माझ्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. दुसऱ्या हाताने मी त्याची मान धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती. तो तिथेच खाली बसला आणि थरथरू लागला.

"चला ताई, चला," म्हणत बायकोने तिला ओढत आमच्या घरी आणलं. भुवईतून रक्त गळत होतं. ते आमच्या फरशीवर पडलेलं पाहून ती फडकं मागायला लागली, पुसायला. माझ्या मुलीने फडकं आणलं, पण तिच्या हातात दिलं नाही. तिच्या भुवईवर दाबून धरलं.

नवरा ड्युटी टाकून आला. मुलाला डॉक्टरकडे नेतो म्हणाला. मग स्वतःच्या बायकोपुढे उभा राहून हळू आवाजात काहीतरी बोलला, बहुधा घरी चल असं, कारण ती सवयीने उठू लागली.

अर्ध्यातूनच ती परत बसली. त्याच्याकडे न पाहता माझ्या बायकोला म्हणाली, "आज मी इथे झोपते."

ना वाकली, ना सॉरी म्हणाली. बायको गादी काढायला आत गेली.