आईचं उठणं

स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर, पाटावर बसलेली आई आणि हवेत वर धरलेला तिचा उजवा हात... कुणीतरी येऊन ओढून उठवावं म्हणून. तुपात तडतडलेल्या जिऱ्याचा, साबुदाण्याच्या खिचडीचा वास घरभर असायचा, आणि मी नि माझा भाऊ त्या हाताकडे धावत सुटायचो. आपण आईची सेवा करतो आहोत, असं आम्हाला मनापासून वाटे.

टायफॉइडनं तिला पार वाळवलं होतं. ताप उतरून महिना होत आला, तरी बाबा पाण्याचा पेला जागेवर आणून देत, शेजारणी मऊ भात पाठवत – आणि गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे तिचे उपास मात्र पुन्हा सुरू झाले होते. गल्लीत नुकतीच केबल आली होती, समोरच्यांकडे सोफा. बाबांनीही डायनिंग टेबल घ्यायचं ठरवलं, म्हणजे आईला खाली बसायलाच नको. तिची शाळा स्वारगेटजवळ, वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीनंतर ती रुजू झाली नाही तर नोकरी जाणार होती. "जाऊ दे," बाबा म्हणत. आई शाळेची पर्स तेवढी रोज पुसून ठेवी.

मग आत्या आली – बाबांची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली. त्याच संध्याकाळी आईचा हात वर गेला, मी धावले. आत्यानं माझा दंड धरला.

"तू बस. तिला पाय आहेत."

"अहो वन्सं, जमत नाही हो."

"कसं जमेल? सगळी गल्ली तुला उचलायला टपलीये."

"अक्का, आजारी आहे ती," बाबा म्हणाले.

"होती. आता तुम्ही तिला देव्हाऱ्यात बसवलंय. टेबल मी गेल्यावर आण, दिनू."

उपास सोडायला आई तयार नव्हती. आत्यानं तो हट्ट धरलाच नाही. तिनं ताट बदललं. साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची दाट आमटी, वाटीभर दही, रात्री दूध. एरवी मोड आलेली मटकी, मुगाची धिरडी, डाव उभा राहील इतकं घट्ट वरण. "साबुदाण्यानं पोट भरतं, मांडी नाही," ती म्हणे. रोज सकाळी कुकरच्या वाफेत, शेवंतीच्या ओल्या वासात आईची उठबस चाले – आधी खुर्चीवरून, मग मोड्यावरून, शेवटी पाटावरून. आई घामाघूम होई, रडकुंडीला येई... आत्या फुलं निवडता निवडता म्हणे, "रडून झालं की पुन्हा."

एका गुरुवारी जेवताना दही आणायचं राहिलं होतं. आई उठली, दही घेऊन आली. बाबांचा घास हातातच राहिला.

"दिनू," आत्या म्हणाली, "दही वाढतेय ती, दर्शन देत नाहीये. ताट पुढे कर."

दिवाळीनंतर आई तिसरा मजला चढली; कठडा धरून, मध्ये थांबत – पण चढली. निवृत्तीपर्यंत चढत राहिली.

मी हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसते, म्हणून सकाळी वजनं उचलते आणि डब्यात उसळ नेते. पंचेचाळिशीनंतर स्नायू आपण होऊन टिकत नाहीत. ते रोज कमवावे लागतात. आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती आपल्या पायांनी न्हाणीत जात होती – सावकाश, भिंतीच्या कडेकडेनं. मी दाराबाहेर उभी असे. मदतीला जावंसं फार वाटे... गेले नाही.