रतनच्या मॉनिटरवरची जाडजूड स्थळं

आमच्या रतनला तुम्ही बारशाला बोलावलंत तर तो बाळाकडे नंतर बघेल, आधी तुमच्या टीव्हीकडे. टीव्हीवरची माणसं ताणलेली दिसली की याला चैन पडत नाही. "रिमोट कुठंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. एकदा डोंबिवलीला आमच्या पुतणीचं रिसेप्शन होतं. हॉलवाल्यांनी मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीचे फोटो लावलेले, दोघं काकडीसारखी लांब. सगळे गुलाबजामच्या रांगेत आणि हा नवी पँट घालून स्टेजच्या मागे वायरींमध्ये रांगतोय. केलंन सरळ शेवटी. फोटो सरळ झाले आणि नवरी आहे तेवढी भरीव दिसायला लागली. नवरीची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती आजपर्यंत रतनशी बोलत नाही.

मी रतनची आत्या, प्रमोदिनी. ठाण्याला वर्तकनगरात एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही, तो तळमजल्याला, मी त्याच्या डोक्यावर. माझा भाऊ विठ्ठल तळमजल्याच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवायचा. तो गेल्यावर रतनने चालवायला घेतलं. फोनवर बायकांशी मी बोलते, कॉम्प्युटर तो बघतो. तो कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळ्या सिस्टीमवर. हे मला सांगायची गरज नाही, कुणीही खोलीत पाय ठेवला की रतनच सांगतो. काही लोक 'आम्ही बाहेरचं खात नाही' म्हणतात ना, तशा आवाजात. सगळं मराठीत करून घेतलंय, बटणांवर 'लागू करा', 'रद्द करा' असं येतं. त्यामुळे मलाही चालवता येतो, पण मला हात लावू देत नाही.

आता हा रतन एक्केचाळीस वर्षांचा, नाकीडोळी बरा, घर स्वतःचं, व्यसन एवढं एकच. आणि लग्न? झालं नाही. अख्ख्या ठाण्याच्या मुली उजवल्या यानं. कारण काय, तर मंडळात येणारी प्रत्येक मुलगी त्याला 'रतनदादा' म्हणते. एकदा दादा म्हटलं की संपलं. आणि यालाही ते बरं वाटतं. "आत्या, आपण मंडळाचे लोक. आपणच मुलगी पटकावली तर उद्या कोण आपल्याकडे मुलगी पाठवेल?" भाऊ अगदी असंच म्हणायचा. पण तो बायको मिळाल्यानंतर म्हणायचा.

तर यंदा आमचा जुना चौकोनी मॉनिटर गेला. रतनने डोंबिवलीच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून ऐसपैस रुंद मॉनिटर आणला. आणि तो आल्यापासून आमच्या मंडळाला दृष्टच लागली. जे स्थळ दाखवू ते नापसंत. मुलींना मुलं नको, मुलांना मुली नको. मीही डोळे होते म्हणून बघितलं. खरंच, एकेक मुलगा पडद्यावर असा पसरलेला, जसं घावन तव्यावर. गाल कानाच्या बाहेर. पडद्याच्या कोपऱ्यातला गणपती सोडला तर कुणालाच ते शोभत नव्हतं.

मला वाटलं, पिढीच अशी झालीय. बसून नोकऱ्या, वर ते चीज घातलेलं सगळं. मग मी काय केलं, मंडळाचं भलं म्हणून एकेका आईला फोन लावले. "वहिनी, राग नका मानू, पण मुलाचं अंग जरा कमी करायला हवं. रात्रीचा भात बंद करा." बऱ्याच जणींना राग आला. एक म्हणाली, "तुम्ही बघितलंत का त्याला?" मी म्हटलं, "रोज बघते."

त्यात दर रविवारी यायची माधवी. शहाडची. कल्याणला चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, वय छत्तीस. बोलायला एकदम गोड, पण मुलगा दाखवला की मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "नाही हो, पुढचा बघू." पुढचाही नाही. मग चहा घ्यायची, रतनशी पाऊण तास गप्पा मारायची आणि जायची. शहाडहून ठाण्याला नकार द्यायला येणारी मी पहिलीच बघितली. आणखी एक, ती रतनला 'दादा' म्हणत नसे. 'सर'ही नाही. 'ऐका ना' म्हणायची. मी तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण मी लोकांचा भात बंद करण्यात बिझी होते.

एका बुधवारी टेंभी नाक्याच्या रमाबाई मंडळात आल्या. आल्या म्हणजे चालून आल्या, लढायला. सोबत त्यांचा मुलगा संदेश.

"प्रमोदिनीताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी याचा भात तोडला. चपाती अर्ध्यावर आणली. आता हा बघा. उभा राह रे."

संदेश उभा राहिला. म्हणजे उभाच होता, मला तो दारामागे उभी केलेली छत्री वाटलेला. शेवग्याची शेंग बरी. पँट एका हाताने धरून ठेवलेली.

"हा पहिल्यापासून असाच?" मी विचारलं.

"पहिल्यापासून बारीकच आहे. मला वाटलं, तुमच्याकडच्या मुलींना आणखी बारीक लागतात."

मी संदेशला बघितलं, मग मॉनिटरवरचा संदेश बघितला. पडद्यावरच्या संदेशमध्ये हा संदेश सहज मावला असता, वर त्याची आईही. मी रमाबाईंना पाणी दिलं, माफी मागितली, लाडू दिला. लाडू संदेशला दिला म्हणजे. ते गेल्यावर मी दार लोटलं.

"रतन."

"हं."

"हा मॉनिटर माणसं जाड करतो."

"हो," तो म्हणाला. कीबोर्डची धूळ पुसत होता.

"हो काय? तुला माहितीये?"

"केबल जुनी आहे आत्या. मॉनिटर कॉम्प्युटरला सांगतच नाहीये की मी कोण, केवढा. मग कॉम्प्युटर घाबरून जुन्या चौकोनी मापाचं चित्र पाठवतो आणि मॉनिटर ते ओढून आपल्या रुंदीला बसवतो. रिझोल्यूशन चुकलं की असं होतं."

"कधीपासून माहितीये?"

"लावला त्या दिवसापासून."

मी खाली बसले. जो माणूस परक्याच्या बारशाला रिमोट मागतो, तो स्वतःच्या टेबलावर असलं ध्यान ठेवून रोज त्याच्यासमोर जेवतोय. मी त्याचा चेहरा बघितला. कान लाल. कपाळावर हात लावला, ताप नव्हता. मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

"दर रविवारी माधवी येते," मी म्हटलं.

"बरेच जण येतात."

"आणि प्रत्येक मुलगा तिला जाड दिसतो."

त्याने धूळ पुसायचं थांबवलं. "मुद्दाम नाही केलं गं. पहिल्या रविवारी करणारच होतो दुरुस्त, तेवढ्यात ती आली. मुलगा बघून नाही म्हणाली. आणि मला... बरं वाटलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू."

"मेल्या, तुझ्या पुढच्या आठवड्यापायी त्या पोराची पँट गळायला आली."

"दुरुस्त केलं तर ती कुणाला तरी हो म्हणेल आत्या. संदेश चांगला मुलगा आहे. बँकेत आहे."

"मग तू विचार तिला."

"ती आपल्याकडे विश्वासाने येते. मंडळाचा माणूस..."

"मंडळाचा माणूस स्थळं फुगवून दाखवतो ते चालतं, होय?"

मी सरळ सांगितलं, या रविवारी मॉनिटर सरळ व्हायला हवा, तिच्यादेखत. नंतर तिनं संदेशला हो म्हटलं तर तिचं नशीब. नाहीतर रमाबाईंना मी खरं सांगते, आणि त्या नाक्यावर राहतात, माईक लागत नाही त्यांना.

रविवारी माधवी आली. निळा कुर्ता, हातात कल्याणची बाकरवडी. रतनने शर्टाला इस्त्री केलेली, चेहरा मात्र फाशीला निघाल्यासारखा.

"बसा," तो म्हणाला. "आज आधी एक काम करायचंय. आमच्या पडद्यावर मुलं होती त्यापेक्षा जाड दिसत होती. चूक माझी. आता नीट करतो, मग सगळे पुन्हा बघा."

"बरं," माधवी म्हणाली आणि खुर्ची जवळ ओढली.

रतनने काळी खिडकी उघडली. तिच्यात तो टाईप करून कॉम्प्युटरला हुकूम देतो. मॉनिटरचं खरं माप, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी, हाताने लिहून दिलंन. "आपोआप कळत नसेल तर आपण सांगायचं," तो माधवीला म्हणाला. समजावताना हा जरा माणसात येतो. "आता रिफ्रेश रेट. चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं काढायचं ते. साठ चालतं. पण पंच्याहत्तर मिळालं तर सगळं लोण्यासारखं सरकेल."

"साठीत काय वाईट आहे?" मी म्हटलं. मी नुकतीच ओलांडलीय.

ऐकलं नाही. डिस्प्लेच्या यादीत पंच्याहत्तरवर टिचकी मारलीन. पडदा काळा. मधोमध एक इंग्रजी पाटी फिरायला लागली, म्हणे झेपत नाही. मला वाटलं गेला मॉनिटरही, मुलगीही.

"थांबा, हात लावू नका," रतन म्हणाला. "आपण काही दाबलं नाही तर थोड्या वेळाने आपोआप जुन्यावर येतं." आणि आलंच. जुने जाडे सगळे परत.

मग साठ. पडदा क्षणभर मिटला, उघडला, आणि काय सांगू, संदेश एकदम संदेश झाला. नाक, गाल, मान, सगळं जिथल्या तिथे. गणपती तेवढा बारीक झाला. मध्ये चौकट आली, 'हे बदल ठेवायचे का?' खाली दोन बटणं, 'बदल ठेवा' आणि 'पूर्ववत करा'.

माधवी दुकानातल्या सवयीने म्हणाली, "हां, आता बरं. मघापेक्षा हे बरं."

"संदेश चांगला मुलगा आहे," रतन पडेल आवाजात म्हणाला. "बँकेत आहे."

"हो, पण मला नको," माधवी म्हणाली. "जाड होता म्हणून नाही म्हटलेलं नाही मी. मला पहिल्या रविवारीच कळलेलं. तुमचं पडद्याच्या कोपऱ्यातलं गोल घड्याळ आडव्या अंड्यासारखं दिसत होतं. दिवसभर लोकांना गोल दाखवून विचारते मी, मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. एवढं लिनक्स लिनक्स करता, म्हटलं, बिचाऱ्यांना जमत नसेल."

बस्स. रतनला शिव्या द्या, उपाशी ठेवा, एक्केचाळीसचा पन्नास म्हणा, चालतं. पण हे नाही. खुर्चीवरून अर्धा उठला.

"मला जमत नाही? मला? अहो दोन मिनिटांचं काम आहे हे. झोपेत करीन. मुद्दाम ठेवलेलं मी तसं."

"मुद्दाम? का?"

"तुम्ही कुणाला हो म्हणू नये म्हणून."

मी बाकरवडी तोंडात घातलेली, ती चावायची की नाही मला कळेना. रतनला आपण काय बोललो ते आता ऐकू आलं आणि तो हळूहळू पुन्हा खुर्चीत बसला. तेवढ्यात इतका वेळ कुणी 'ठेवा' न दाबल्यामुळे पडदा मिटला, उघडला, आणि संदेश पुन्हा पसरला.

माधवी पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी शहाडहून दर रविवारी फुगवलेली मुलं बघायला येत होते."

"सॉरी," रतन म्हणाला.

"आणि मी काय मुलं बघायला येत होते का?"

रतनला कळलं नाही. खरंच नाही कळलं, मी त्याचं तोंड बघत होते. "मग कशाला?" म्हणाला.

माधवीने माझ्याकडे बघितलं. मी घास गिळला. "अगं, याला हाताने लिहून द्यावं लागतं," मी म्हटलं. "आपोआप नाही कळत."

ती हसली. मग रतनच्या हाताखालून माऊस घेतलान, कुठे टिचकी मारायची ते मघाशी बघून ठेवलेलं होतं तिनं. सगळं सरळ झालं, चौकट आली. 'बदल ठेवा' दाबलंन. आणि रतनला म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येणार नाही. तुम्ही या, शहाडला. आई विचारेल मुलगा काय करतो. काय सांगू, लग्नं मोडतो?"

"जुळवतो," रतन म्हणाला.

"ह्या महिन्यात?"

रतन पुन्हा कीबोर्डची धूळ पुसायला लागला. "आत्या, तुम्ही पण या," ती निघताना म्हणाली. "हे एकटे आले तर गप्प बसतील किंवा काहीतरी उघडून ठेवतील."

गेलो. शहाडला माधवीची आई, सरस्वतीबाई, दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, पोहे गरम. आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही चालू. त्यावर बातम्या देणारी मुलगी अशी ताणलेली की तिचे खांदे दोन्ही बाजूंनी बाहेर चाललेले. मी रतनच्या गुडघ्यावर हात ठेवला. बिचारा पोह्यांतले शेंगदाणे मोजल्यासारखा खाली बघत राहिला. नोकरी, घर, गोत्र, सगळ्याची उत्तरं दिलीन, मान वर नाही.

सरस्वतीबाईंना वाटलं मुलगा लाजतोय. आवडला त्यांना. मग त्यांनीच टीव्हीकडे बोट दाखवलं. "ही मुलगी पूर्वी किती रोड दिसायची. माझ्या हातून रिमोटचं काहीतरी दाबलं गेलं, तेव्हापासून बघा कशी भरली. छान दिसते ना?"

माधवी दारात उभी. रतनने वर बघितलं. पडद्याकडे, मग माधवीकडे. इतक्या वर्षांत मी त्याला असलं काही बोलताना ऐकलेलं नव्हतं.

"छान दिसते," तो म्हणाला. "तशीच राहू द्या."