फ्रिजच्या वायरीला लावलेला चिमटा

चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की माझ्या मनात "चांगलं रसदार लिंबू वाया घालवलं" एवढंच येतं. भुताखेतांचे किस्से मी चवीनं वाचते, इथलेही सगळे वाचलेत, पण वाचून झाले की शांत झोपते. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं...

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या गल्लीत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, घरातूनच जिना, वर गच्ची. घरात मी, माझा नवरा विलास आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई. सासरे, म्हणजे बाबा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. ते त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गेले.

बाबांना एक वेड होतं. घराबाहेर पडताना, आभाळ काळवंडलं की, नाहीतर बल्ब जरासा पिवळा पडला तरी, ते घरभर फिरून एकूण एक प्लग काढायचे. शहरात रोज नवी ऑफिसं उघडत होती, नवे एसी लागत होते, आणि आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मात्र जुनाच. "राजधानी झाली, पण लाइट अजून तहसीलचीच आहे न," असं म्हणायचे. नुसता प्लग काढून त्यांचं भागत नसे. वायरीची नीट घडी घालायची आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. चिमटा लागला म्हणजे त्या वस्तूला सुट्टी, कुणी हात लावायचा नाही. फ्रिजला कायम निळा. "मशीनलेही झोप पाह्यजे," हे ठरलेलं वाक्य.

यामुळे दोरीवर कधी चिमटा शिल्लक नसायचा आणि आमचे कपडे उडून शेजारच्या साहू काकूंच्या अंगणात पडायचे. आई त्यावरून रोज भांडायच्या.

एका दुपारी बाबा "जरा पडतो" म्हणून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आई रडल्या नाहीत. रुसल्या. "बजारात जायचे तं चारदा सांगायचे. अन् एवढ्या दूर गेले तं एक शब्द नाही? मी नाही बोलत त्यायच्याशी." फोटोला हार मी घालायची आणि त्या फोटोकडे पाठ करून बसायच्या. हळूहळू आमच्याशीही बोलेनाशा झाल्या. ताटात अर्धी पोळी तशीच राहायची. विलास म्हणाला, "आई अशीच राहिली तं तीही आपल्या हातून जाईन." मलाही तीच धास्ती होती. घरातले सगळे चिमटे आईंनी गोळा करून गच्चीवर नेऊन ठेवले होते. एकदा मी टीव्हीचा प्लग काढायला गेले तर म्हणाल्या, "ते काम त्यायचं होतं. तू नको करू."

मग मी स्पाइक गार्ड, म्हणजे व्होल्टेज वाढलं तरी वस्तू जळू न देणारे बोर्ड, आणायचं ठरवलं. खरं कारण आईंना घराबाहेर काढणं हे होतं. "तुम्ही नाही आलात तर दुकानदार मला बनवेल," अशी गळ घातली. भावताव म्हटल्यावर आई तयार झाल्या.

आता नीट सांगते, कारण इथेच सगळं आहे. विलास ऑफिसच्या कामानं बिलासपूरला होता, दुसरी किल्ली त्याच्याजवळ. सकाळी मी कपडे धुऊन गच्चीवर घातले होते, आईंच्या दोन साड्या आणि चादरी, सगळ्यांना चिमटे लावून. गच्चीच्या दाराला आतून कडी. फ्रिज चालू होता. आईंचं इन्सुलिन त्यात असायचं म्हणून निघताना मी फ्रिजच्या दाराला हात लावून बघायची. त्या दिवशीही बघितलं, घुर्र आवाज येत होता. आई तोवर बाहेर रिक्षात बसल्या होत्या. कुलूप मी लावलं.

सदर बाजारातल्या दुकानात आई स्पाइक गार्ड हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. मग हळूच विचारलं, "भैया, ये लगाने के बाद प्लग निकालना नहीं पड़ता न?"

"नहीं माताजी, झंझट ही खतम."

आईंचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे त्यायचं कामच संपलं म्हन न." स्पाइक गार्ड मात्र घेतले आणि निघालो.

तेवढ्यात आंधी उठली. भर दुपारी अंधार, धूळ, दुकानांचे पत्रे वाजायला लागले. रिक्षात आईंनी माझा हात घट्ट धरला. "फ्रिज..." एवढंच म्हणाल्या. त्यांना शुगर निघाली तेव्हा इन्सुलिनसाठी बाबांनी तो आणला होता. ठेल्यावर स्वतः बसून, दोन्ही हातांनी धरून आणलेला. "तो जळला तं मी त्यायले काय सांगू?" ज्यांच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, त्यांनाच.

गल्लीत शिरलो तर जळका वास. माणसं बाहेर उभी. झाडाची फांदी तारांवर पडून न्यूट्रलची तार तुटली होती आणि घराघरांत जास्तीचं व्होल्टेज शिरलं होतं. साहू काकू दारातच डोकं धरून बसल्या होत्या. "टीवी गया, फ्रिज गया, पंखा तक जल गया, दीदी."

कुलूप जसंच्या तसं. उघडलं. आत वास नव्हता, पण फ्रिजही घुरघुरत नव्हता. मग आईंनी बोट दाखवलं.

प्लग काढलेला होता. वायरीची घडी. तिला निळा चिमटा.

टीव्हीला लाल. मिक्सरला, टेबलफॅनला, इस्त्रीला... सगळ्यांना चिमटे. फ्रिज उघडला, तर बर्फ कडक आणि इन्सुलिन थंडगार. मी धावत वर गेले. गच्चीची कडी आतून तशीच, आणि दोरी मोकळी. ना चिमटे, ना कपडे.

खाली आले तेव्हा साहू काकू धुळीनं माखलेल्या साड्या घेऊन उभ्या. "आप लोग चिमटा क्यों नहीं लगाते?"

आई साड्यांकडे बघत राहिल्या. मग फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, तेरवीनंतर पहिल्यांदाच. "का जी, फ्रिज वाचवला अन् माह्या साड्या उडवल्या न?" आणि मग रडल्या. पदर तोंडात धरून, खूप वेळ. त्यांना जवळ घेऊन मीही रडले. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः वाढून घेतलं आणि पोटभर जेवल्या.

मला वाटलं, आता स्पाइक गार्ड परत करायला सांगतील. त्या म्हणाल्या, "सगळ्यायले लाव. किती दिवस धावतीन ते? फक्त मिक्सरले नको लावू."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"कधी यावं वाटलं तं काही काम पाह्यजे न त्यायले."

विलासनं आल्यावर माझी उलटतपासणीच घेतली. तूच विसरून काढले असशील, आईनं काढले असतील... पण आई माझ्याआधी बाहेर होत्या, आणि साड्यांना चिमटे मी माझ्या हातानं लावले होते.

त्यानंतर बरीच वर्षं काही घडलं नाही. मागच्या उन्हाळ्यात पुन्हा तशीच आंधी आली आणि मिक्सर जळला. आम्ही घरातच होतो, पण लक्षात येईपर्यंत धूर निघाला होता. आईंना सांगायची मला भीती वाटली. आता फार थकल्यात त्या. वाटलं, पुन्हा रुसतील.

त्यांनी जळक्या मिक्सरवरून हात फिरवला. "या वेळी नाही आले बाबा," मी म्हटलं.

"झोपले असतीन," आई म्हणाल्या. "माणसालेही झोप पाह्यजे, पोरी."

नवा मिक्सर आला तेव्हा त्यालाही स्पाइक गार्ड लावायला त्यांनीच सांगितलं. निळा चिमटा मात्र त्यांच्या उशाशी असतो, कपड्यांना लावू देत नाहीत. त्या दुपारी बंद घरात तो फ्रिजच्या वायरीला कुणी लावला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आईंनी तो प्रश्न कधी विचारलाच नाही.