सही जिची, खुर्ची तिची

आता काय सांगावं तुम्हाला! ऑडिटरची अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढण्यात गेली. निवृत्त झालो आणि अशी चूक केली की रेघ ओढायला शाई पुरेना!

आमचं गाव गोंदियाजवळचं, कामठ्याकडचं. शाळेला व्यवस्थापन समिती आहे. कायदा म्हणतो, तिच्यात निम्म्या बाया हव्यात. गावाने कायदा इमानाने पाळला. नावं बायांची, आणि त्या नावांवर बसलेले त्यांचे नवरे!

अध्यक्ष भागरताबाई. त्यांना शाळेत कुणी पाहिलं असेल तर शपथ! खुर्चीत त्यांचे यजमान रेखलालभाऊ, धानाचे व्यापारी. शाळेसाठी त्यांनी एकच मोठं काम केलं होतं. चौथीच्या खोलीत स्वतःच्या धानाची पोती रचली. चौथीची पोरं व्हरांड्यात. त्यात माझा नातू. पाऊस तिरपा आला की दप्तर डोक्यावर, थंडीत नाक वाहतंय. पोती मात्र कोरडी, ऊबदार. विद्येचं माहेरघर म्हणतात ते हेच!

मी प्रत्येक सभेला हजर. एकेक नवरा मिशीला पीळ देत बायकोच्या नावापुढे सही ठोकायचा. मी चहा प्यायचो आणि मनातल्या मनात हसायचो.

शेवटी ठरवलं, सुधारणा करायची. ठराव लिहिला : ‘सभेस सदस्याने स्वतः हजर राहावे. कोणाच्याही जागी कोणीही बसू नये.’ काय भाषा! घरोघरी जाऊन बायांना बोलावून आलो. एकही घर सोडलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

सभेच्या दिवशी बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मी ठराव वाचला. मध्ये बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत डोक्यावर आलं, तेव्हा थांबलो. असं वाक्य आवाजात वाया कोण घालवील?

रेखलालभाऊ तडकले. “काऊन जी आबाजी? आमी बसून रायलो त कोनाचं काय बिघडून रायलं?”

“खुर्ची कोणाची, रेखलालभाऊ?”

“मायीच!”

“नाव कोणाचं?”

“बायकोचं.”

“मग उठा.”

दारातून भागरताबाई म्हणाल्या, “उठा न जी! कव्हाची उभी हाव मी.”

काय हशा पिकला! रेखलालभाऊ उठले. मागोमाग सारे नवरे उठले आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले. जाताना त्यांना मी ‘उसनी खुर्ची आणि लोकशाही’ या विषयावर चार शब्द ऐकवले. फुकट.

बाया बसल्या. मीही पाय पसरून बसलो. आता आभाराचा ठराव येणार, आणि नाही नाही म्हणत तो स्वीकारायचा!

भागरताबाई माझ्याकडे बघू लागल्या. “आबाजी, तुमी कोनाच्या नावानं बसले जी?”

“मी? मी आपला... मार्गदर्शनासाठी.”

“गुरुजी, आबाजीचं नाव हाय का?”

गुरुजी समितीचे सचिव, पण भिडस्त माणूस. छताकडे बघत म्हणाले, “नाव... सूनबाईंचं आहे.”

तुम्ही म्हणाल, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ठाऊक कसं नाही! मीच दिलं होतं तिचं नाव. मुलगा नागपूरला नोकरीला, तेव्हा सुनेच्या जागी मी. पण बायकोच्या जागी नवरा बसला तर ती लबाडी, आणि सुनेच्या जागी सासरा बसला तर तो अनुभवाचा लाभ. एवढा उघड फरक भागरताबाईंना दिसू नये?

“अहो, मी काही कुणाचा नवरा म्हणून बसलो नाही!”

“ठरावात ‘कोनीही’ हाय जी. आत्ताच त वाचलं तुमी.”

उठलो. कडुलिंबाखालून रेखलालभाऊंनी हाक मारली, “या आबाजी! तुमची जागा धरून ठेवली जी!”

घरी आलो. सूनबाई अंगणात लाखोळीच्या डाळीच्या वड्या घालत होती.

“सुषमा, शाळेत सभेला बोलावलंय तुला.”

“मले? काऊन?”

“तू सदस्य आहेस समितीची.”

“कव्हापासून?”

“झालं... वर्ष होऊन गेलं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की नोकरीत साहेबांनीही तसं कधी पाहिलं नव्हतं. मग हात धुतले, पदर सारखा केला. “मामाजी, वड्याइकडं ध्यान ठेवा. कावळे येते.” आणि गेली.

खाट टाकून बसलो. भागरताबाईंना काय उत्तर द्यायला हवं होतं, ते आता एकेक सुचायला लागलं. काय बिनतोड उत्तरं होती! मनातल्या मनात बोललोही.

तासाभराने सुषमा परत आली. “खोली रिकामी झाली, मामाजी. मी म्हनलं, पोते काढा. भागरताबाई म्हने, काढा. बाहेरचे मानसं बसूनच होते, त्याह्यनंच उचलले.”

“एवढ्यात? एवढं सोपं होतं?”

“तुमी कधी म्हनलं होतं का जी सभेत, पोते काढा म्हनून?”

मी आठवून पाहिलं. चहा आठवला.

तेवढ्यात तिचं लक्ष अंगणात गेलं. “आन् वड्या कुठं गेल्या?”

“कावळ्यांनी नेल्या वाटतं.”

“तुमी कुठं होते मंग?”

“इथंच तर बसलो होतो!”

“हाव,” सुषमा म्हणाली, “शाळेत बी तुमी बसलेच होते.”