गोराईचं गोड पाणी

परवा सोसायटीत सुरूच्या झाडाची छाटणी झाली. कापलेल्या फांद्यांचा ओलसर, तुरट वास जिन्यात भरला आणि मी एकदम गोराईच्या सुरूच्या बनात जाऊन पोचले.

आम्ही बोरिवलीत राहायचो. बाबा रविवारी आम्हाला नवनवीन जागा दाखवायला न्यायचे. माझा तान्हा भाऊ तापात गेला, त्यानंतरची ती पहिलीच सहल.

बनात बाबांना एक विहीर सापडली. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी चक्क गोड! डब्याच्या झाकणात पाणी घेऊन आम्ही आईला दाखवायला वाळूवर आलो. ती समुद्रात उभी होती. नेसत्या साडीनिशी, कमरेएवढ्या पाण्यात, आमच्याकडे पाठ करून.

मी हाक मारणार, तोच बाबांनी माझा खांदा दाबला.

"अगं, ये ना इकडे," ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले. "गोड पाणी मिळालंय. पिऊन तरी बघ."

ती बराच वेळ हलली नाही. लाट आली की तिचा पदर पाण्यावर पसरायचा. मग ती वळली, सावकाश चालत आली आणि झाकणातलं पाणी प्यायली.

"खरंच गोड आहे हो," म्हणाली.

मला वाटलं, आई डुंबायला गेली होती. बाबांच्या हातातल्या झाकणातलं निम्मं पाणी का सांडलं होतं, ते आता कळतं.

त्यानंतर बाबांनी आम्हाला कायम डोंगराकडेच नेलं. सपाट वाटेवरही ते आईचा हात धरून चालायचे.