बर्फ पाहिलेले साडू

सबंध जळगाव जिल्ह्यात माझ्या साडूंइतका बर्फ कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि त्यांच्याइतका हेवा मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा केला नाही. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साठच्या दशकाच्या अखेरीस पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी फैजपूरला केळी लावली. काश्मीरच्या उंच चौक्यांवर तुकडी निघण्याआधी उतारावरचा बर्फ तपासायचा आणि जायचं की थांबायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी बोदवडला भूगोल शिकवायचो. कोसळत्या हिमकड्यांच्या आकृत्या फळ्यावर झोकात काढायचो. पण मी पाहिलेला बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.

साडूंना कुठेही थर दिसत. रव्याच्या डब्यात काडी खुपसून ती कुठे अडते, कुठे सहज जाते हे ते डोळे मिटून अजमावत. ताटातला दहीभात उभा कापून खालचा थर वरच्याला कसा धरत नाही ते दाखवत, आणि जामनेरच्या आमच्या सासूबाई वाढायचं थांबवून ऐकत. माझ्या बी.एड.कडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. एका दिवाळीला मी चारचौघांत सांगितलं, की पहाडात जोरात हाक मारली तरी हिमकडा कोसळतो. साडूंनी मान वर केली.

"आवाजाने नाही कोसळत, गुरुजी. वजनाने कोसळतो. बहुतेक वेळा आपल्याच."

अगदी हळू बोलले, म्हणून जास्त झोंबलं. माझी बायकोसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सासऱ्यांच्या ओळखीचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, पाहायला गेलो. आवारात सरकीचा घराएवढा उंच ढीग होता. खालची सरकी जुनी, कोरडी. वर नुकतीच ओतलेली, पावसात भिजलेली. पोती भरणाऱ्यांनी पायथा कोरून नेला होता. साडूंनी काठी खुपसून पाहिली आणि वर जाऊ नका म्हणाले. एक म्हातारा हमालही म्हणाला, "मास्तर, भाऊ सांगस ते बठ्ठं खरं शे." हमालाचंही मत त्यांच्याच बाजूने पडलेलं पाहून मी तडक वर चढलो.

अर्ध्यावर पायाखालचा थर अख्खाच्या अख्खा सुटला. मी तोंडावर आपटलो आणि अंधार झाला. छाती हलेना. मग कोणाची तरी बोटं नाकाजवळची सरकी उकरू लागली. साडूंनी आधी माझं तोंड मोकळं केलं, मग बाकीचा मी.

आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. साडू माझ्या कॉलरमधली सरकी काढत राहिले.

"एकदा मी जा म्हणालो होतो," ते म्हणाले. "तिघं गेले. मी दोन दिवस उकरत होतो."

मग त्यांनी काठी उचलली आणि आम्ही घराकडे निघालो.

घरी आल्यावर साडूंनीच सगळ्यांना सांगून टाकलं, की ढिगाखाली ते स्वतःच सापडले आणि गुरुजींनी त्यांना ओढून काढलं. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मला आग्रह करकरून वाढलं. समोर साडू मान खाली घालून जेवत होते. इतका मोठेपणा या माणसाला जमतो कसा, म्हणून मी त्यांच्यावर आणखीच जळत बसलो.

साडू जाऊन बरीच वर्षं झाली. सासरी अजून ती गोष्ट माझ्या नावावरच सांगतात. खरं काय ते मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.